कसर आणि कपाटातील हवा

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान मंडळाच्या उद्घाटनासाठी गेले होते. कार्यक्रम आटोपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत असताना सरांनी भिंतीतल्या कपाटातून एक जाडजूड जुने रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवले. ते शाळेचे जनरल रजिस्टर होते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, आधीची शाळा या सगळ्यांची त्यात नोंद असते. आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला आदल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले होते. नोंद सापडली, नावही वाचता आले. पण जन्मतारखेच्या रकान्यात कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा झाला होता आणि सालाचे शेवटचे दोन आकडे नाहीसे झाले होते. पान उजेडात धरले की तेवढा भाग कांद्याच्या सालीसारखा पातळ दिसे.

सर म्हणाले, "मॅडम, दर मे महिन्यात डांबरगोळ्या टाकतो. वर्षातून एकदा फवाराही मारून घेतो. तरी कसर लागतेच. आता आणखी कोणते औषध आणू?"

मी औषधाचे नाव सांगितले नाही. कपाटाच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहा, एवढेच म्हटले. भिंत चिऱ्याची, बाहेरून पावसाचा मारा असलेली. हाताला ती गार आणि दमट लागली. सरांच्या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीत होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी कसरीची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

कसर म्हणजे नेमके कोण?

आपण 'कसर लागली' असे पुस्तकांबद्दल म्हणतो आणि लोकरीच्या शालीबद्दलही म्हणतो. पण ही कामे एकाच प्राण्याची नसतात. शालीला किंवा रेशमी साडीला आरपार भोके पाडते ती एका लहानशा पतंगाची अळी. लोकर आणि रेशीम यांतील प्रथिने हे तिचे अन्न. पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून आत शिरून पानापानांतून सुईने टोचल्यासारखी गोल भोके पाडत जातात त्या पुस्तकी भुंगेऱ्यांच्या अळ्या. मातीच्या नळ्या करून येते आणि पुस्तकाचा गाभाच पोखरून टाकते ती वाळवी. ज्या कसरीबद्दल आपण बोलणार आहोत ती मात्र वेगळी आहे. ती कागदाला सहसा भोक पाडत नाही. वरचा थर वेड्यावाकड्या नक्षीत खरवडून खाते. फार दिवस खात राहिली तरच कागद आरपार जातो. शिवाय ती मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक काळे कण, पिवळट डाग आणि चंदेरी खवले मागे ठेवते. औषधोपचाराआधी निदान हवे, हा नियम इथेही लागू आहे. कोणता कीटक आहे हे न पाहता केलेला उपाय बहुधा वाया जातो.

ही कसर तुम्ही नक्की पाहिली असेल. जुने पुस्तक उघडले की एक चंदेरी किंवा राखाडी किडा मासळीसारखा सळसळत दुसऱ्या पानाआड जातो. लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर. शरीर चपटे, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळते. पुढे दोन लांब मिशा, मागे शेपटीसारखे तीन लांब तंतू. चिमटीत पकडली तर बोटांना चंदेरी भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे तिच्या अंगावरचे खवले. ते सहज सुटतात, त्यामुळे शत्रूच्या तावडीतून ती निसटते.

सूक्ष्मदर्शकाखाली हिची पाहणी करणाऱ्या पहिल्या लोकांत रॉबर्ट हूक होते. स्थितिस्थापकतेच्या नियमामुळे विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांनी पुस्तके खाणाऱ्या या चंदेरी किड्याचे वर्णन केले आहे. पुढे १७५८ साली लिनियसने तिला लेपिस्मा सॅकॅरिना असे नाव दिले. त्यातला दुसरा शब्द साखरेवरून आलेला आहे. आपल्याकडे घरांत एकाहून अधिक जाती आढळतात. टेनोलेपिस्मा लाँजिकॉडेटम ही लांब शेपट्यांची राखाडी कसर त्यांपैकी एक.

पंख फुटण्यापूर्वीचे घराणे

कीटक म्हटले की अंडे, अळी, कोष आणि प्रौढ या फुलपाखराच्या चार अवस्था आपण शिकवतो. टोळ आणि झुरळ यांच्यात कोष नसतो. पिल्ले हळूहळू वाढतात आणि शेवटी त्यांना पंख येतात. कसर या दोहोंतही बसत नाही. अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू रूपाने प्रौढासारखेच असते, फक्त लहान आणि सुरुवातीला पांढरट. पंख तिला कधीच येत नाहीत. पंख असलेले कीटक आणि कसर यांचे पूर्वज एकच. पण पंखांची उत्पत्ती होण्यापूर्वीच कसरीची शाखा वेगळी झाली. म्हणून उत्क्रांती शिकवताना कसर हे एक चांगले आणि घरबसल्या मिळणारे उदाहरण आहे.

दुसरी गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. बहुतेक कीटक प्रौढ झाले की कात टाकणे थांबवतात. कसर मात्र जन्मभर कात टाकत राहते. तिने टाकलेली पातळ, पारदर्शक कात कपाटाच्या कोपऱ्यात सापडते. काही जाती सात-आठ वर्षांपर्यंत जगतात. एवढ्या लहान कीटकाच्या मानाने हे आयुष्य फारच मोठे.

तिचे प्रजननही सावकाश चालते. नर मादीशी प्रत्यक्ष मीलन करत नाही. तो रेशमासारखे धागे ओढून त्यांच्याखाली शुक्राणूंची एक पुडी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. मग ती फटीत थोडी थोडी अंडी घालते. ती उबायला तापमानानुसार दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. झुरळांची संख्या पाहता पाहता वाढते, तशी कसरीची वाढत नाही. कपाटात पुष्कळ कसर दिसू लागली, तर ती कालपरवा आलेली नाही. बराच काळ तिथे सुखाने नांदते आहे. मग विचारायला हवे की त्या कपाटात तिला एवढे सुख कशाचे?

अन्न: खळ, चकाकी आणि कागदसुद्धा

अन्नाची तिला कमतरता नसते. पिष्टमय पदार्थ तिला आवडतात. बांधणीला लावलेली खळ, पुठ्ठ्यावरचे कापड, गुळगुळीत कागदावरचा लेप, छायाचित्रांवरचा जिलेटिनचा थर, खळ दिलेले सुती कपडे, सांडलेले पीठ, मेलेले कीटक, एवढेच काय स्वतःची टाकलेली कातही ती खाते. पूर्वी आपल्याकडचे बाइंडर खळीत मोरचूद मिसळत ते कीड लागू नये म्हणूनच. मोरचूद माणसालाही विषारी आहे, हे मात्र विसरू नये.

कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. ते पचवणे सोपे नाही. गाय गवत खाते, पण ते फोडण्याचे काम तिच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. वाळवीच्या अनेक जातींचेही तसेच आहे. मग कसरीचे काय? १९५६ साली लास्कर आणि गीझ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. त्यांनी कसरीची अंडी निर्जंतुक करून त्यांतून जीवाणूविरहित पिल्ले मिळवली आणि त्यांना किरणोत्सारी कार्बन असलेले सेल्युलोज खाऊ घातले. पिल्लांनी उच्छ्वासावाटे बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो कार्बन सापडला. म्हणजे सेल्युलोज फोडणारे विकर कसर स्वतःच तयार करते. त्यासाठी तिला जीवाणूंची मदत लागतेच असे नाही.

शिवाय उपाशी राहण्याची तिची ताकद विलक्षण आहे. प्रौढ कसर काही न खाता कित्येक महिने जगू शकते. म्हणून 'खायला मिळू दिले नाही की जाईल' हा विचार कामाचा नाही. पुस्तकांच्या कपाटातून अन्न काढून टाकणे म्हणजे पुस्तकेच काढून टाकणे!

पाणी: खरी नाडी इथे आहे

अन्नावाचून महिनोन्महिने काढणारी कसर पाण्याच्या बाबतीत मात्र अडते. तिचे शरीर लहान. लहान शरीराचे पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे कोरड्या हवेत पाणी लवकर उडून जाते. कपाटात पाण्याचा थेंबही नसतो. मग ती पिते काय?

ती हवेतले बाष्प शोषून घेते, आणि तेही तोंडाने नव्हे तर शरीराच्या मागच्या टोकाने! गुदाशयाजवळच्या खास पिशव्यांमध्ये हवेतील बाष्प ओढून घेतले जाते. १९७० साली नोबल-नेस्बिट यांनी कसरीच्याच कुळातील, भट्टीसारख्या गरम जागी राहणाऱ्या थर्मोबिया डोमेस्टिका या कीटकावर प्रयोग केले. गुदद्वार बंद केले की बाष्प शोषणे थांबते, असे त्यांना आढळले. श्वासनलिका किंवा कातडी हे काम करत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

पण हा नळ केव्हाही चालू होत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता एका ठरावीक पातळीच्या वर असेल तरच बाष्प आत घेता येते. त्या पातळीखाली शरीरातले पाणी बाहेर जात राहते. ही पातळी जातीनुसार बदलते. थर्मोबियाला ४५ टक्के आर्द्रतासुद्धा पुरते. लेपिस्मा सॅकॅरिनाला मात्र चांगली वाढ होण्यासाठी ७५ टक्क्यांच्या वरची हवा लागते. राखाडी कसर या दोघींच्या मधली आहे. तुलनेने कोरड्या घरातही ती तग धरते. तरीही हवा जितकी कोरडी तितकी कसरीची वाढ आणि अंडी घालणे मंदावते, ही गोष्ट सगळ्याच जातींना लागू आहे.

मोरीत, न्हाणीघरात, सिंकखालच्या कपाटात आणि पावसाळ्यात भिंतीच्या कडेला कसर का दिसते, याचा उलगडा आता व्हावा. ती घाणीमागे येत नाही. अतिशय स्वच्छ घरातही ती असते. तिला ओल हवी असते.

भिंतीजवळची हवा: एक सोपे गणित

इथे कोणी म्हणेल, "खोली एकच, हवा एकच, मग भिंतीतल्या कपाटालाच कसर आणि मधल्या टेबलावरच्या पुस्तकांना नाही, असे का?" याचे उत्तर नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवता येते.

३० अंश सेल्सियस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅमच मावते. समजा, खोलीतील हवा ३० अंशांवर आहे आणि तिची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे. म्हणजे प्रत्येक घनमीटरमध्ये ३० च्या ७० टक्के, अर्थात २१ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा कपाटामागच्या २५ अंशांच्या गार भिंतीजवळ गेली. बाष्प तेवढेच, २१ ग्रॅम. पण मावण्याची मर्यादा आता २३ ग्रॅम. २१ भागिले २३ म्हणजे सुमारे ९१ टक्के! खोलीच्या मध्यावर ७० आणि भिंतीला टेकलेल्या पुस्तकामागे ९१. पाण्याचा एकही थेंब न सांडता कसरीसाठी पाणपोई तयार झाली.

हेच गणित उलट दिशेनेही चालते. २५ अंशांवरची ९० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यात सुमारे २०.७ ग्रॅम बाष्प आहे. ती ३० अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ७० टक्क्यांच्या जवळ येते. पूर्वी कोकणात आणि मुंबईत कॅमेऱ्याच्या किंवा पुस्तकांच्या कपाटात कमी शक्तीचा दिवा पेटता ठेवत, त्यामागे हेच तत्त्व होते. हवेतले पाणी काढलेले नसते; हवा थोडी गरम केल्याने ती 'कोरडी' होते. आजचे एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यामुळे ते या कामाचे नाहीत. जुना तापणारा दिवा कागदाशेजारी ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून शाळेत हा उपाय करू नये. तत्त्व मात्र शिकवावे.

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाने वाचणाऱ्याला केलेली विनंती पुष्कळदा आढळते: तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथी जपावी. पाणी म्हणजे ओल, आणि सैल बांधणी म्हणजे लपायला फटी. कसरीला हव्या असलेल्या दोन गोष्टी त्या लेखनिकाने अनुभवाने अचूक हेरल्या होत्या.

डांबरगोळ्यांचे काय?

डांबरगोळ्या म्हणजे बहुधा नॅफ्थॅलीन. संप्लवन शिकवताना आपण हेच उदाहरण देतो. गोळीची वाफ होते आणि ती वाफ कीटकांना त्रासदायक असते. पण त्यासाठी वाफ साठून राहिली पाहिजे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती साठते. फटी असलेल्या भिंतीतल्या कपाटात ती साठत नाही. ती खोलीत पसरते आणि तिथे बसणाऱ्या माणसांच्या नाकात जाते. सरांच्या डांबरगोळ्या कसरीपेक्षा सरांनाच जास्त मिळत होत्या!

हा केवळ वासाचा प्रश्न नाही. काही जणांच्या रक्तपेशींमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे विकर जन्मतःच कमी असते. आपल्याकडेही असे लोक आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊक नसते. नॅफ्थॅलीनच्या संपर्काने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि झबली न धुता वापरल्याने तान्ह्या बाळांना तीव्र कावीळ झाल्याच्या घटना वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थॅलीनचा समावेश 'कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेले पदार्थ' या गटात केला. पेपरमिंटच्या गोळीसारखी दिसणारी ही गोळी लहान मुले तोंडात घालतात, हा आणखी एक धोका. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नयेत. ठेवले असतील तर धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावेत. पालकसभेत सांगावी अशी ही गोष्ट आहे.

फवाऱ्याचीही मर्यादा आहे. तो पृष्ठभागावर बसतो. कसर आणि तिची अंडी फटीत, पुठ्ठ्याच्या आत असतात. वरची कसर मरते आणि ओल तशीच राहिल्याने आतली पुन्हा बाहेर येते. पूर्वी ग्रंथालयांत डीडीटी आणि गॅमेक्सिनची भुकटी सर्रास टाकली जाई. गॅमेक्सिनमधील लिंडेन या घटकाच्या वापरावर भारतात २०१३ पासून बंदी आहे. जुन्या कपाटाच्या फळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकून किंवा झाडून उडवू नका. तोंडाला फडके आणि हातात मोजे घालून ओल्या कापडाने टिपून घ्या. हे काम मुलांना मुळीच सांगू नका.

वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंगा यांचा वापर परंपरेने होत आला आहे. त्यांचा उग्र वास काही कीटकांना नकोसा असतो, पण वास उडाला की परिणाम संपतो. ओल्या कपाटात ताजा पाला ठेवला तर उलट ओल वाढते आणि बुरशीला खाद्य मिळते.

मग करायचे काय?

१. पहिले काम ओल तोडण्याचे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीकडे न्यावे. ते शक्य नसेल तर भिंत आणि कपाट यांच्यात निदान चार बोटे अंतर ठेवावे. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच असावा. पुस्तके मागच्या फळीला टेकवू नयेत. गळका पाइप, तडा गेलेली भिंत, तुंबलेली पन्हळ आधी दुरुस्त करावी. कसर ही या बिघाडांची सूचना आहे असे समजावे.

२. 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला काळवेळ पाहून पाळावा. जुलैत कोकणातल्या बाहेरच्या हवेची आर्द्रताच ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवसांत कपाट उघडे टाकले तर ओल आत येते. पावसाळ्यात कपाट बंद असावे, आणि पाऊस संपून कोरडे वारे सुटले की दारे सताड उघडावीत.

३. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास असे वर्षातून दोनदा सगळी पुस्तके बाहेर काढावीत. ती सावलीत, वाऱ्यावर उभी करून पाने मोकळी करावीत. कडक उन्हात ठेवल्यास कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. फळ्यांच्या फटी पुसून घ्याव्यात आणि भराव्यात. धूळ, कात, मेलेले किडे हे सगळे कसरीचे अन्नच आहे.

४. मोलाची कागदपत्रे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. मात्र कागद आधी पुरते कोरडे असावेत. ओले कागद डब्यात बंद केले तर बुरशी येते. पुड्या दमट झाल्या की बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात.

५. एखाददुसऱ्या पुस्तकालाच कसर लागली असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. अंड्यांसकट कसर मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. नाहीतर खोलीतले बाष्प गार पुस्तकावर दवासारखे जमते. छायाचित्रे, रंगीत चित्रे आणि चामड्याची बांधणी यांच्यावर हा प्रयोग करू नये.

६. एवढे करूनही कसर उरली तर औषधाचा विचार करावा. कॅरम खेळताना वापरतो ती बोरिक पावडर फटींमध्ये अगदी थोडी भुरभुरली तर अंग साफ करताना कसरीच्या पोटात जाते. ती पुस्तकांवर, अन्नाजवळ किंवा मुलांच्या हाती लागेल अशा जागी टाकू नये. राखाडी कसरीच्या बाबतीत नॉर्वेचा अनुभव बोलका आहे. तिथे ही जात २०१३ साली प्रथम आढळली आणि कोरड्या, उबदार, नव्या इमारतींत पसरली. तिथल्या संशोधकांनी सगळीकडे फवारे मारण्याऐवजी इंडोक्साकार्ब या कीटकनाशकाच्या आमिषाचे अगदी सूक्ष्म ठिपके ठेवून पाहिले. विष खाऊन मेलेली कसर इतर कसरी खातात, त्यामुळे थोडेसे औषध दूरवर पोचते. झुरळांसाठीच्या काही जेलमध्ये हेच द्रव्य असते. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

एक दिलासा देणारी गोष्ट म्हणजे कसर चावत नाही आणि ती रोग पसरवते असा पुरावा नाही. तिच्या शरीरातील एका प्रथिनाची काहींना ॲलर्जी असू शकते, इतकेच. पाल, कोळी आणि गोम तिला खातात. तेव्हा मोरीत एखादी कसर दिसली म्हणून घरभर विष फवारण्याचे कारण नाही. कागदाजवळ ती वाढू नये, एवढाच आपला आग्रह हवा.

वर्गासाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग: कसर कुठे राहते? जॅमच्या चार रिकाम्या बाटल्या घ्या. प्रत्येकीला बाहेरून खाली ते वर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे चढायला खडबडीत जागा होईल. आत चिमूटभर कणीक टाका. कसरीच्या पायांना नखे असतात, पण गुळगुळीत काचेला धरणाऱ्या चिकट गाद्या नसतात. बाहेरून ती चढते, आत पडते आणि वर येऊ शकत नाही. एक बाटली बाहेरच्या भिंतीशी, दुसरी आतल्या भिंतीशी, तिसरी मोरीजवळ आणि चौथी खोलीच्या मध्यावर ठेवा. दर सोमवारी कसर मोजून वहीत नोंद करा. सोबत प्रत्येक जागी कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या तापमापीने आर्द्रता मोजा. एका साध्या तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून हे उपकरण शाळेतच तयार होते. पावसाळ्याचे चार महिने आणि पुढचे दोन महिने नोंदी ठेवल्या तर कसर आणि आर्द्रता यांचा संबंध मुलांना स्वतःच्या आलेखावर दिसेल.

दुसरा प्रयोग: आपला आर्द्रतामापक खरे सांगतो का? बाजारात मिळणारे छोटे आर्द्रतामापक बरेचदा चुकतात. एका झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला. हे झाकण आणि आर्द्रतामापक एका घट्ट डब्यात एक दिवस बंद ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या तापमानाला सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. आर्द्रतामापक ८२ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यातून ७ वजा करायचे. उपकरणावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासावे, हा संस्कार यातून मिळतो.

मी त्या शाळेतून परतल्यावर सरांनी बाटल्या लावल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. चिऱ्याच्या भिंतीजवळच्या बाटलीत आठवड्यामागून आठवडे कसर सापडत होती, मधल्या टेबलावरच्या बाटलीत नाही. भिंतीतले कपाट त्यांनी रिकामे केले. रजिस्टरे आतल्या भिंतीशी, उंच लोखंडी मांडणीवर, घट्ट डब्यांत गेली. दहावीच्या मुलांनी उजेडात पाने धरून, मोबाइलवर छायाचित्रे काढून सर्व जुन्या नोंदींची प्रत तयार केली. पत्राच्या शेवटी सरांनी लिहिले होते, "त्या गृहस्थांच्या आजोबांच्या सालाचे दोन आकडे मात्र मिळाले नाहीत."

ते मिळणारही नव्हते. कसरीने खाल्लेले अक्षर परत येत नाही. तुमच्या शाळेतही असे एखादे कपाट असेल. पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ते उघडा आणि आधी मागच्या भिंतीला हात लावून पाहा.